‘माझी पत गेली आहे, मला घर कोण देणार?’

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश इथे देते.

“पाच वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या व्यवसायाच्या कर्जाला मी जामीन राहिले. व्यवसाय बसला, हप्ते थकले आणि बँक माझ्याकडे आली. तडजोडीने ठरलेली रक्कम मी भरली आणि दोन वर्षांपूर्वी ते प्रकरण मिटलं. पण माझा क्रेडिट स्कोअर तेव्हापासून खूपच खाली आहे. माझ्या स्वतःच्या नावावर एकही कर्ज नाही. नोकरी पक्की आहे. सध्याच्या घराचं भाडं चार वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. आता घरमालकीणबाईंना घर विकायचं आहे आणि त्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली आहे. एजंटांमार्फत दोन घरं पाहिली. दोन्हीकडे स्कोअर पाहून नकार आला. आता एका वयस्कर जोडप्याचं घर मिळण्यासारखं आहे. ते एजंट ठेवत नाहीत, स्वतःच भाड्याने देतात. निघताना काका म्हणाले, ‘रविवारी या, येताना क्रेडिट रिपोर्ट तेवढा आणा.’ ऑफिसातली मैत्रीण म्हणते, विषयच काढू नकोस, विसरले म्हण, ते परत विचारणार नाहीत. मोठी बहीण म्हणते, करार माझ्या नावावर करू, राहा तू. मला वाटतं, साठवलेले पैसे मोडून वर्षभराचं भाडं एकदमच द्यावं. खरं सांगितलं तर घर जाईल. नाही सांगितलं तर त्या दोघांना फसवल्यासारखं होईल. माझी पत गेली आहे. मला घर कोण देणार?”

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. मी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी एक गोष्ट खटकली. भावाच्या धंद्याची सगळी हकीगत त्यात आहे, बँकेतून येणाऱ्या फोनची आहे, दोन्ही नकारांचे शब्द तर तुम्हाला पाठ आहेत. पण स्कोअर किती, हा आकडा चार पानांत कुठेच नाही. ‘खूपच खाली’ एवढंच आहे. रिपोर्टात नेमकं काय लिहिलंय, तेही नाही. मला वाटतं, प्रकरण मिटल्यापासून तुम्ही तो रिपोर्ट उघडलेलाच नाही. अंदाज चुकला असेल तर माफ करा. हे मला ओळखू येतं, कारण एका वाईट वर्षात मीही बँकेची पाकिटं न फोडता कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकत असे. फोडली तेव्हा कळलं, की त्यातली निम्मी पाकिटं नुसती माहितीपत्रकं होती.

म्हणून रविवारचा विचार करण्याआधी आज रात्री रिपोर्ट काढा. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. भारतात प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने, म्हणजे सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीने, वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, अमेरिकेत तो आता दर आठवड्याला फुकट मिळतो, ब्रिटनमध्येही फुकट मिळण्याचा हक्क आहे, आणि युरोपीय संघात आपल्याबद्दल साठवलेली माहिती मागण्याचा अधिकार तिथला माहिती संरक्षण कायदाच देतो. एकाच कंपनीचा रिपोर्ट पाहून थांबू नका. प्रत्येकीकडची नोंद वेगळी असू शकते, आणि काका कुठला मागतील ते तुमच्या हातात नाही.

रिपोर्ट हातात आला की आकड्याकडे नंतर बघा. आधी ते एक कर्ज शोधा. जामीनदाराच्या रिपोर्टात थकलेलं कर्ज कसं दिसतं, याची रीत देशागणिक वेगळी आहे, पण तुम्हाला बघायच्या गोष्टी त्याच. खातं मिटल्याची तारीख बरोबर आहे का? बाकी शून्य दिसते का, की अजून थकबाकी म्हणून एखादा आकडा लटकलाय? आणि खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलंय की ‘सेटल्ड’? या दोन शब्दांत मोठा फरक आहे. भारतातल्या रिपोर्टात ‘क्लोज्ड’ म्हणजे सगळी रक्कम भरून खातं बंद झालं, आणि ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने येणं होतं त्यापेक्षा कमी रक्कम घेऊन प्रकरण मिटवलं. तुम्ही तडजोड केली होती, तेव्हा तुमच्याकडे बहुधा हाच शब्द असेल, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र दोन वर्षांनंतरही खातं ‘थकीत’ दिसत असेल, तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करून घेणं तुमचा हक्क आहे. भारतात आणि अमेरिकेत तक्रारीचा निकाल लावायला साधारण 30 दिवसांची मुदत असते, ब्रिटनमध्ये 28 दिवसांची. भारतात ही मुदत उलटली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. तुमच्या हातात दोन महिने आहेत. रविवारपर्यंत दुरुस्ती होणार नाही, पण तक्रार नोंदवल्याची पावती तुमच्याजवळ असेल. बँकेकडून ‘काही येणं बाकी नाही’ असं पत्रही याच आठवड्यात मागून घ्या.

आता त्या वाक्याकडे येते. ‘माझी पत गेली आहे.’

मराठीत पत हा एकच शब्द आपण बाजारातल्या भरवशाला वापरतो आणि माणसाच्या अब्रूलाही. बँकेत पत, गावात पत, घरात पत. त्यामुळे एखाद्या कंपनीच्या संगणकातला आकडा खाली गेला, की आपल्याला भर चौकात मान खाली घालावी लागल्यासारखं वाटतं. तुमच्या पत्रात मला हीच सरमिसळ दिसते. म्हणून तो आकडा काय मोजतो ते नीट सांगते. अमेरिकेतला फायको स्कोअर 1989 पासून वापरात आहे. तो 300 ते 850 च्या पट्टीवर देतात. पुढच्या दोन वर्षांत हा माणूस एखाद्या कर्जाचा हप्ता 90 दिवस किंवा त्याहून जास्त थकवेल का, याचा तो अंदाज आहे. त्यात आजवरच्या हप्त्यांच्या वक्तशीरपणाला 35 टक्के वजन आहे, डोक्यावर किती कर्ज आहे त्याला 30 टक्के. पगार किती आणि नोकरी किती पक्की, याला काहीही नाही. भारतात सिबिलचा स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. पट्ट्या वेगळ्या असल्या तरी कल्पना तीच. हे माप कर्ज देणाऱ्यांनी कर्ज देण्यासाठी बनवून घेतलंय. तुमचं चार वर्षांचं न चुकलेलं भाडं सहसा त्यात येतच नाही, कारण भाडं म्हणजे कर्ज नव्हे. ‘भावासाठी’ हा शब्दही त्यात मावत नाही.

आणि काकांना कर्ज द्यायचंच नाहीये. त्यांना हे हवंय: दर महिन्याला भाडं येईल का, घर नीट राहील का, आणि काही अडलं तर ही बाई आपल्याशी बोलेल का. रिपोर्ट मागतात तो या प्रश्नांचं उत्तर शोधायला, कारण दुसरं काय मागावं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे उत्तर तुम्हीच घेऊन जायचं आहे.

हे मी घरमालकाच्या बाजूनेही सांगू शकते. काही वर्षं माझ्या घराचा वरचा मजला मी भाड्याने देत असे. पहिले भाडेकरू आले ते कागदपत्रांत चोख होते. चार महिन्यांनी भाडं लांबायला लागलं, आणि मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो त्यांच्या गप्प बसण्याचा. पहिली तारीख उलटली की जिन्यावर पावलं वाजायची आणि मी कान देऊन बसायची. ते दाराशी थांबतील, काही बोलतील, असं वाटायचं. ते तसेच वर जायचे. त्यांच्यानंतर एक गृहस्थ आले. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून म्हणाले, “वर जाण्याआधी एक ऐकून घ्या. माझा धंदा बुडाला होता, माझी नोंद खराब आहे. चालणार नसेल तर तुमचा वेळ घेत नाही.” त्यांच्या हातात एक वही होती. तिच्या पानांवर आधीच्या घराच्या भाड्याच्या पावत्या तारखेवार स्टेपल केलेल्या, कडा मुडपलेल्या. मी ती वही उभ्या उभ्याच चाळली. त्यांना घर दिलं. चौथ्या महिन्यात त्यांचंही भाडं उशिरा आलं, चांगलं आठ दिवस. पण फोन आला तो आधीच्या महिन्याच्या 28 तारखेला: पगार लांबलाय, पाच तारखेला अर्धे देतो, नऊला उरलेले. पाचला अर्धे आले, नऊला उरलेले आले. त्या महिन्यात मी जिन्याकडे कान दिला नाही.

तुम्ही असं धरून चाललात की खासगी घरमालक म्हणजे सैल हात, तिथे कुणी फार बघत नाही. हे अर्धं खरं आहे. एजंटकडे ठरलेली रेघ असते, आकडा तिच्या खाली असला की फाइल बाजूला जाते. ही दोघं तसं करणार नाहीत. समोर बसून ऐकतील. त्यांना नियम वाकवायला कुणाची परवानगी लागत नाही. पण शेकडो घरं सांभाळणाऱ्या कंपनीला एक भाडं बुडालं तर फरक पडत नाही, आणि या दोघांचं कदाचित तेवढंच एक भाडं असेल, महिन्याचा खर्च त्याच्यावरच चालत असेल. तिथे ऐकून घेण्याची तयारी जास्त आहे आणि धास्तीही जास्त. म्हणून मैत्रिणीचा सल्ला मला पटत नाही. ‘विसरले’ म्हणून एखादा रविवार निघेल. पुढे कधीतरी ते विचारतील, किंवा त्यांचा मुलगा विचारेल, आणि मग प्रश्न स्कोअरचा राहणार नाही. अर्जात लेखी काही खोटं लिहिलं तर आणखी वाईट. इंग्लंडच्या कायद्यात खोटी माहिती देऊन घर मिळवणं हे घर रिकामं करून घेण्याचं एक स्वतंत्र कारण म्हणूनच नोंदलेलं आहे. एक मात्र म्हणते: तुम्हाला जे विचारलंय तेवढंच सांगायला तुम्ही बांधील आहात. भावाशी बोलणं आहे की तुटलंय, घरात कुणी कुणाला काय म्हटलं, हे सांगण्याचं तुमच्यावर कसलंही बंधन नाही. गप्प राहणं आणि फसवणं यांतली रेघ तिथे आहे.

बहिणीच्या प्रस्तावामागची माया कळते. पण करार तिच्या नावावर आणि राहणार तुम्ही, याचा अर्थ कायद्याच्या नजरेत त्या घरात तुम्ही कोणीच नाही. उद्या घर सोडायला सांगितलं तर भाडेकरूचे हक्क तिचे. अनामत परत मिळणार ती तिला. मोडतोडीची जबाबदारीही तिची. घरमालकाला हे ठाऊक नसेल तर बहुतेक करारांत तेवढ्यानेच करार मोडतो. आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोठं नुकसान हे, की पुढची तीन-चार वर्षं तुम्ही वेळेवर भरलेलं भाडं तुमच्या नावावर कधीच जमा होणार नाही. पुढचं घर शोधताना पुन्हा रिकाम्या हाताने उभ्या राहाल.

बहिणीला मदत करायचीच असेल तर तिने उघडपणे जामीन राहावं. हे लिहिताना माझा हात थोडा थांबला, कारण जामीन राहण्याने काय होतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणूनच तिला तेच द्या जे पाच वर्षांपूर्वी तुम्हाला कुणी दिलं नाही. सही करण्याआधी अख्खा कागद वाचायला वेळ द्या, एक रात्र तरी. हमी किती रकमेपर्यंत, ते आकड्यात लिहून घ्या, तीन महिन्यांच्या भाड्याएवढी, त्याहून जास्त नको. हमी पहिल्या कराराच्या मुदतीपुरतीच, नूतनीकरण झालं की ती आपोआप पुढे चालणार नाही, असं स्पष्ट लिहा. भाडं ठरलेल्या तारखेनंतर सात दिवसांत आलं नाही तर घरमालकाने जामीनदाराला लगेच कळवायचं, हेही घाला. तुमच्या बाबतीत बँकेने पहिल्याच थकलेल्या हप्त्याला तुम्हाला फोन केला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती, असं तुम्हीच लिहिलंय. ज्यांच्यामागे असं कुणीच नाही त्यांच्यासाठी: आपल्या ठिकाणी सरकारी किंवा संस्थेची भाडेहमी योजना आहे का ते विचारा. फ्रान्समध्ये व्हिजाल नावाची अशी हमी पात्र भाडेकरूंना फुकट मिळते.

वर्षभराचं भाडं एकदम देण्याच्या कल्पनेबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ती तुमची स्वतःची आहे आणि ती भीतीतून आली आहे. पैसे एकदा गेले की छत गळलं तरी तुमच्याकडे बोलायला जोर उरत नाही. घर विकलं गेलं, घरमालक वारले, घरावरचं कर्ज थकून बँकेने ताबा घेतला, तर ते पैसे परत मिळवायला तुम्ही कुणाच्या दारात जाणार? शिवाय नोकरी दोन महिने जरी बंद झाली तरी भाडं चालू ठेवणारी गंगाजळी तीच होती, आणि ती तुम्ही देऊन बसलेल्या असाल. अनुभवी घरमालकाला असा प्रस्ताव उलट संशयास्पदही वाटू शकतो. इंग्लंडमध्ये तर 2025 च्या नव्या कायद्याने एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागण्यालाच चाप लावला आहे. तुमचे पैसे मोडू नका. त्यातले तीन महिन्यांच्या भाड्याइतके वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्या खात्याचा उतारा काकांना दाखवा. दाखवायचे, द्यायचे नाहीत.

अनामत थोडी जास्त देण्याची तयारी मात्र दाखवता येईल, आपल्या ठिकाणचा कायदा बघून. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन समान हप्त्यांत देता येते. इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, आणि ती रक्कम 30 दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. भारतात 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण ज्या राज्याने तो स्वीकारला तिथेच ती लागू. कुठेही असा, अनामत बँकेतून द्या आणि पावती घ्या. रोख देऊन ‘काका चांगले आहेत’ यावर भागवू नका. ते चांगले असतीलही. पावती त्यांच्याही सोयीची असते.

आता रविवार. मी तुमच्या जागी असते तर रविवारची वाट पाहिली नसती. शुक्रवारी फोन करून म्हटलं असतं, “रविवारी येतेच आहे, रिपोर्टही आणते. त्यात एक जुनी गोष्ट दिसेल, ती आधी कानावर घालते.” समोर बसून सांगितलं तर त्या दोघांना तुमच्या तोंडाकडे बघत उत्तर द्यावं लागेल, आणि अवघडलेला माणूस नाही म्हणणं सोपं समजतो. फोनवर सांगितलं तर दोन दिवस आपसांत बोलायला मिळतात. नकारच यायचा असला तर तोही दोन दिवस आधी कळेल, आणि तुमच्याकडे दिवस मोजकेच आहेत.

रिपोर्टासोबत एक छोटं पत्र द्या. या सल्ल्याचं मूळ क्रेडिट रिपोर्टाच्याच नियमांत आहे. अमेरिकेत रिपोर्टातल्या एखाद्या नोंदीवर वाद मिटला नाही तर ग्राहकाला आपली बाजू जोडता येते, आणि ती 100 शब्दांत बसवा असं सांगता येतं. ब्रिटनमध्ये अशा टिपणाला 200 शब्दांची मर्यादा आहे. मला ही मर्यादा फार आवडते. आपली बाजू लांबत गेली की ती सबब वाटायला लागते, आणि ऐकणाऱ्याला नकळत आपल्या घरगुती भांडणाचा न्यायाधीश करून टाकते. तुमच्या पत्रातल्या माहितीवरून मी एक मसुदा करून बघितला:

“काका-काकू, क्रेडिट रिपोर्ट सोबत जोडला आहे. त्यात स्कोअर कमी दिसेल. पाच वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या कर्जाला मी जामीन होते. ते कर्ज थकलं. तडजोडीने ठरलेली रक्कम मी भरली आणि दोन वर्षांपूर्वी खातं मिटलं. बँकेचं पत्र जोडलं आहे. माझ्या स्वतःच्या नावावर कुठलंही कर्ज नाही. सध्याच्या घराचं भाडं चार वर्षं वेळेवर भरलं आहे. त्याच्या बँकेतल्या नोंदी आणि घरमालकीणबाईंचं पत्र सोबत आहे. त्यांच्याशी फोनवर बोलता येईल. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.”

बघा, यात भाऊ नाही, ‘दुर्दैवाने’ नाही, माफी नाही. शब्द तुमचे घाला, पण लांबी वाढवू नका.

सध्याच्या घरमालकीणबाईंचं पत्र हा तुमचा सगळ्यात भारी कागद आहे, आणि तो याच आठवड्यात मिळवायला हवा. घर विकलं गेलं, त्या दुसरीकडे गेल्या, की फोन लागणंही कठीण होतं. पत्रात एवढं असू द्या: कधीपासून कधीपर्यंत राहिलात, भाडं कुठल्या तारखेला यायचं आणि आलं, आज काही येणं बाकी नाही, आणि घर सोडण्याचं कारण घराची विक्री. ते कारण लिहिलं नाही तर वाचणाऱ्याच्या मनात येतं, इतकी चांगली भाडेकरू मग का जाऊ दिली? बँकेचा उतारा देताना फक्त पगार आणि भाड्याच्या ओळी दिसू द्या, बाकीचं झाका. रिपोर्टाच्या प्रतीवर खाते क्रमांक आणि ओळखपत्राचे आकडे काळे करा. काका भले असतील, पण तो कागद त्यांच्या टेबलावरून पुढे कुठे जाईल ते त्यांनाही ठाऊक नसतं.

तरी ते कचरत असतील तर सहा महिन्यांचा छोटा करार सुचवा, आणि सहा महिने सगळं वेळेवर झालं तर मुदत वाढवायची असं ठरवा. त्यांना बघायला वेळ मिळतो आणि तुम्हालाही त्यांना बघता येतं. हो, तुम्हालाही. तुमच्या पत्रात त्या घराबद्दल एकही शंका नाही. पाणी किती वेळ येतं, दुरुस्ती कोण करून देतं, नोटीस किती दिवसांची, यातलं काहीच तुम्ही विचारलेलं दिसत नाही. कुणीतरी घर देतंय याच्यापुढे बाकी सगळं विसरलात. रविवारी हे प्रश्न विचारा. घर नीट बघून घेणारी भाडेकरू घरमालकाला आवडते.

नकार आला तर वाद घालू नका, कारण मात्र विचारा. अमेरिकेत 1970 च्या क्रेडिट रिपोर्ट कायद्यानुसार रिपोर्टामुळे घर नाकारलं तर घरमालकाला तसं कळवावं लागतं आणि रिपोर्ट कुठल्या संस्थेचा तेही सांगावं लागतं. मग 60 दिवसांत तो रिपोर्ट तुम्हाला फुकट मागता येतो. इतरत्र कायदा नसला तरी साधा प्रश्न विचारायला कुणाची हरकत नसते, आणि त्या उत्तराने पुढच्या घराची तयारी होते. तोवर शोध थांबवू नका, अजून दोन-तीन घरं नजरेत ठेवा. वाटून घेतलेल्या घरातली एखादी खोली सहा महिन्यांसाठी, मूळ घरमालकाच्या लेखी परवानगीसह, हाही कमीपणा नाही.

तुमच्यासारख्या सगळ्या वाचकांना एक कळकळीची सूचना. स्कोअर खाली असलेला आणि घराची घाई असलेला माणूस ठगांना लांबून दिसतो. घर न बघता अनामत पाठवू नका. ‘रिपोर्ट लागणार नाही, फक्त आजच पैसे टाका’ असं म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. आणि ‘स्कोअर महिन्यात साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही. अमेरिकेत तर काम होण्याआधी त्यासाठी पैसे घेणंच 1996 च्या कायद्याने बेकायदा ठरवलं आहे. खरी नोंद जाते ती काळाने: अमेरिकेत थकबाकीची बहुतेक नोंद 7 वर्षांनी रिपोर्टातून निघते, ब्रिटनमध्ये 6 वर्षांनी. त्या आधीही तिचं वजन कमी होत जातं. तुमची गोष्ट पाच वर्षांपूर्वीची आहे. तारखा रिपोर्टात बघा, कदाचित तुम्हाला वाटतं त्याहून जवळ असाल. आणि शक्य असेल तिथे भाड्याची नोंदही रिपोर्टात घालणारी सेवा आहे का ते विचारा. काही देशांत ती आहे, आणि तुमची चार वर्षं तिथे कामी येतील.

घर मिळालं तर सही करण्याआधी एक गोष्ट बोलून घ्या. भाड्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर तीन दिवसांची ठेवा, आणि पगार जमा होताच भाडं आपोआप जाईल अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. एखाद्या महिन्यात ते जाणार नाही असं दिसलं, तर तारीख यायच्या आधी काकांना फोन करा, आणि किती, कुठल्या दिवशी देणार ते आकड्यात सांगा.